कोपराची जागा

बाबांनी घराला चार वेळा रंग दिला, गाडीला एकदाही नाही. कारखान्यातून ज्या डाळिंबी रंगात ती आली, त्याच रंगात ती म्हातारी झाली. दर रविवारी सकाळी बाबा बनियनच्या बोळ्याने तिला मेण चोळायचे. बनियन जुनं लागे. ते आधी अंगावर घालून घालून मऊ करावं लागे. नवं बनियन आम्हाला चालायचं, गाडीला नाही.

रंग गेलेली जागा एकच होती. ड्रायव्हरच्या दारावर, काचेच्या अगदी खाली, बाबा कोपर टेकवायचे तिथे बशीएवढा रंग झिजून आतला करडा थर दिसत असे.

बाबा गेले. घरमालकाला गॅरेज परत हवं होतं. मला गाडी चालवता येते, पण ही मला चालवू देत नव्हती. तेव्हा विकायचं ठरलं आणि दोन गिऱ्हाइकं आली. पहिल्याचा फोटो स्टुडिओ होता. गाडी गुलाबी रंगवून दुकानापुढे उभी करायची आणि नवरा-नवरीला टपावर बसवायचं, असा त्याचा बेत होता. ‘टप भक्कम आहे ना?’ हा त्याचा एकमेव प्रश्न.

दुसरे गृहस्थ जुन्या गाड्या होत्या तशाच सांभाळणारे. त्यांची अट होती, रंग मूळचाच हवा, वरून एक थेंबही नको. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असल्यामुळे आईने त्यांचं नाव भिंगवाले ठेवलं.

‘भिंगवाल्यांनीच नेली तर बरं,’ आई म्हणाली. ‘गुलाबी केली तर ह्यांना मुळीच आवडणार नाही.’

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, पण मी वाद घातला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

भिंगवाले पाहणीला यायच्या आदल्या दिवशी मदतीला म्हणून आत्या आली. ही बाबांची धाकटी बहीण. मदत न करणं तिला जमत नाही.

पाहणीच्या दिवशी भिंगवाले गाडीभोवती इतका वेळ मुकाट फिरले, की मीच नकळत पोट आत घेऊन उभा राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं होतं. मग ते ड्रायव्हरच्या दारापाशी थांबले. भिंग लावलं. खिशातून रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र काढून दाराला टेकवलं.

‘इथे वरून रंग मारलाय.’

‘शक्यच नाही,’ म्हणत मी वाकलो. शक्य होतं. करडी बशी गायब होती आणि तिच्या जागी एक चकचकीत डाळिंबी टापू उगवला होता.

‘आमच्याकडे असलं काही होत नाही हो,’ आई म्हणाली.

‘यंत्र खोटं बोलत नाही.’

‘आमचे हेसुद्धा बोलत नव्हते.’

भिंगवाल्यांनी यंत्र खिशात टाकलं. ‘एका ठिकाणी लपवलंय, म्हणजे आणखी कुठे काय असेल कोण जाणे. माफ करा, मला नको गाडी.’

मला टपावर बसलेली नवरा-नवरी स्वच्छ दिसू लागली. तेवढ्यात आत्या चहाचा ट्रे घेऊन आली.

‘झालंय ना झकास? दादाने कोपर घासून घासून दाराची पार रया घालवली होती. काल बसून तीन हात दिले.’

‘कशाचे हात, वन्सं?’ आईने विचारलं.

‘नेलपॉलिशचे गं! रंग जुळेना म्हणून किती दुकानं पालथी घातली.’ तिने बोटं पुढे केली. दहाही नखं आमच्या गाडीच्या रंगाची होती.

एवढ्या मायेने केलेल्या नुकसानीबद्दल रागवायचं तरी कसं?

‘पुसून टाकते. रिमूव्हर आहे पर्समध्ये.’

‘खबरदार!’ भिंगवाले ओरडले. ‘त्याने मूळचाही रंग जाईल!’

आत्याचे डोळे भरून आले. ट्रे तिने माझ्या हातात कोंबला. ‘मग नखाने काढते. माझ्या नखावर तरी मेलं दोन दिवस कुठे टिकतं!’

अडवायच्या आत तिने कडेला नख घातलंसुद्धा. आख्खा टापू दुधावरच्या सायीसारखा एका तुकड्यात सुटून आला. खाली करडी बशी, होती तशी.

भिंगवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं ते काढेचनात. ‘धरलंच नाही की! या झिजलेल्या जागेवर मेणाचा थर आहे.’

‘सगळ्यात जास्त तिथेच चोळायचे,’ आई म्हणाली. ‘मी विचारलं तर म्हणायचे, हे माझ्यामुळे झालंय ना तिला.’

त्या रविवारांना आम्ही किती हसलो होतो. माणूस गेल्यावरही आमची अब्रू राखत होता, तीही बनियनने.

भिंगवाल्यांनी सगळी गाडी पुन्हा मोजली, गार झालेला चहा प्यायला आणि म्हणाले, ‘नेतो. अगदी अशीच ठेवीन.’ मग आत्याकडे वळून हात जोडले. ‘तुम्ही रंग मारला नसता तर हे मेण मला कळलंच नसतं.’

‘मी म्हटलंच होतं,’ आत्या म्हणाली. तिने काहीही म्हटलं नव्हतं.

न्यायला आले त्या दिवशी आईने धुऊन घडी घातलेली जुनी बनियनं त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि काच खाली केली. कोपर आपसूक दारावर गेलं, बरोब्बर त्याच जागी. चटका बसावा तसं त्यांनी ते उचललं.

‘राहू द्या हो,’ आई म्हणाली. ‘नाहीतर तिला चुकल्याचुकल्यासारखं होईल.’

त्यांनी कोपर हळूच परत टेकवलं. गाडी निघाली.

‘आणि रविवारी मेण!’ आत्या मागून ओरडली.