वॉर्निशखालचा रंग

चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचा नियम होता: जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल जमल्याशिवाय जिवंत माणूस रंगवायचा नाही. छोट्याला माणूस एकच रंगवायचा होता, ताई. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, आणि महिनाअखेरीस ती समुद्रापलीकडे लेकीकडे कायमची राहायला जाणार होती.

छोट्या पन्नाशीला टेकला होता, पण ताईच्या लेखी छोट्याच. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. खऱ्या दाताशेजारी खोट्या दाताचा रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे संग्रहालयात चित्रासमोर कॅनव्हास लावला तेव्हा त्याला रंगाची धास्ती मुळीच नव्हती. चित्रात धान्याची देवी पाताळात पळवून नेलेल्या लेकीला शोधत हिंडत होती. हातात मशाल, अंगावर मधासारखी तपकिरी झळाळी. ती झळाळी छोट्यानं अशी उतरवली की पहारेकरीही दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिला.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही चित्रं जवळून न्याहाळली.

"हुबेहूब आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुम्ही देवी नाही, वॉर्निश रंगवलंय."

"म्हणजे?"

"चित्र टिकावं म्हणून वरून वॉर्निश देतात. ते वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. ही बाई काही चहात बुडवलेली नाही. कातडीचा रंग खरवडा आणि पुन्हा करा."

छोट्यानं रंग कालवायची सुरी उचलली. महिना संपत आला होता. "पण खालचा रंग दिसतच नाही, तर करू कसा?"

"कुणाला तरी शेजारी बसवा. रंग त्यांचा बघा, चेहरा देवीचाच ठेवा."

दुसऱ्या दिवशी ताई बाकावर येऊन बसली. छोट्या तिच्याकडे टक लावून बघू लागला.

"असा काय बघतोयस? माझे दात माझेच आहेत," ताई म्हणाली.

"गप्प बस जरा. हलू नकोस."

जन्मभर जिच्याकडे बघितलं तिच्या कानशिलावर हिरवट छटा आहे, हे त्याला आज कळत होतं. डोळ्यांखाली निळसर, नाकाच्या शेंड्याशी गुलाबी, मनगटावर जवळजवळ जांभळी. तो एकेक रंग कालवायचा, तिच्या गालाशेजारी सुरी धरून पडताळायचा, मगच लावायचा. बसून बसून ताईची पाठ अवघडली, पण तिनं हूं का चूं केलं नाही. तो मात्र रंगापाठोपाठ कधी तिच्या हनुवटीवर पोचला, कधी ओठांच्या मुरडीवर, त्याचं त्यालाही समजलं नाही.

ताई निघायच्या आदल्या दिवशी बाई आल्या. त्यांनी भिंतीवरची देवी बघितली, कॅनव्हास बघितला, मग बाकावरची ताई बघितली.

"नक्कल साफ बिघडली," त्या म्हणाल्या.

छोट्यानं मान खाली घातली. "माहितीये. पण आता ही खरवडायला सांगू नका. ते माझ्यानं व्हायचं नाही."

बाईंनी एक बारीक कुंचला उचलून गडद रंगात टेकवला आणि त्याच्या हातात दिला. "नकलेवर सही करत नाहीत. यावर करा."

"आणि छोट्या असं लिहू नकोस," बाकावरून ताई म्हणाली. "तिकडे सगळ्यांना दाखवायचंय मला."