माझ्या बुंध्याभोवतीचं सिमेंट

मित्रांनो, मी सिंगापूर चेरीचं एक जुनं झाड आहे. बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात, कोकिळाबाईंच्या अंगणात उभं आहे. अंगात थोडी ओल शिल्लक आहे तोवर माझी हकीकत सांगून घेते.

कोकिळाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांचे पती निंबाजी यांना लकवा झाला आणि वाचा गेली. दिवसभर ते खिडकीपाशी पडून समोरच्या भिंतीकडे पाहत. तेव्हा बाईंनी जैनाबादच्या नर्सरीतून मला आणलं आणि खिडकीसमोर लावलं. मी वीतभर होते. दीड वर्षात खिडकीच्या वर गेले. पांढरी फुलं आली, मग मण्यांएवढी लाल, गोड फळं. फळांमागे बुलबुल आले, साळुंक्या आल्या. एक दिवस निंबाजींनी शाबूत राहिलेला हात उचलून बुलबुलाकडे बोट दाखवलं. बाई दारात उभ्या राहून रडल्या. पुढे चार वर्षं ते माझ्याकडे पाहत जगले. गल्लीतले लोक म्हणायचे, "झाड लावावं तर असं."

निंबाजी गेले. त्यांचा मुलगा मनोज याने गाडी घेतली. पाखरं टपावर घाण करत, फळं चाकांखाली चिरडत. गेल्या हिवाळ्यात त्याने अंगणभर सिमेंट केलं, थेट माझ्या सालीला चिकटून. बोटभर माती उघडी राहिली नाही.

उन्हाळा आला. अंगण धुतलेलं पाणी वरच्यावर गटारात जाई आणि खाली माझी मुळं तडफडत. पानं गळाली. दोन फांद्या वाळल्या. फळ धरेना. बुलबुल यायचे, फांदी न फांदी शोधायचे आणि उपाशी परत जायचे. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

सोमवारी मनोजने मला तोडायला माणूस ठरवला. मंगळवारी सकाळी कोकिळाबाई छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या बुंध्याशी बसल्या आणि सिमेंट फोडू लागल्या.

"आई, हे काय लावलं? तोडणारा येऊन राहिला ना."

"येऊ दे. मी इथून उठणार नाही."

"सुकलं ते. आता पाणी घालून काय फायदा?"

"तुझ्या बाबांचं पण डॉक्टर असंच बोलले होते. तरी चार साल काढले त्यांनी, याच्याकडे पाहून."

"आठ दिवस," मनोज म्हणाला. "पान फुटलं नाही तर तोडावंच लागेल." मग त्याने गाडी काढून गल्लीत लावली.

बाईंचे हात सोलवटले, पण हातभर माती मोकळी झाली. आज पाचवा दिवस. पाणी पोहोचतं आहे, पण माझी कितीतरी मुळं मेली आहेत. उरलेल्यांनी मी जीव तोडून ओढते आहे. अजून एकही कोंब नाही.

मित्रांनो, तुमच्या अंगणात सिमेंट घालायला लोक येतील तेव्हा मध्ये पडा. झाडाभोवती हातभर माती सोडायला सांगा. तेव्हाच सांगा, नंतर फार उशीर होतो.

आज सकाळी बाईंनी माझी एक फांदी जिवंत आहे का, ते नखाने खरवडून पाहिलं. आत हिरवं दिसलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. रोज दोन बादल्या घालतात. आज तिसरी भरून आणली.