माल तपासनीस पाहिजे

आसफीच्या बंदराला लागून असलेल्या त्या सार्डिन माशांच्या कारखान्यात गिजलान नोकरभरतीचं काम बघायची; तिथे सगळे तिला 'लल्ला', म्हणजे बाई, म्हणत. उन्हाळ्यात एका परदेशी गिऱ्हाइकाने फुगलेले डबे परत पाठवले. मालकांनी त्याचं खापर म्हाताऱ्या तपासनिसावर, ज्याला सगळे मानाने 'सी' लर्बी म्हणत, त्याच्यावर फोडलं आणि त्याला घरी बसवलं. ते डबे भरले त्या दिवशी लाइन थांबवा म्हणून लर्बी घसा फोडून सांगत होता, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्याची अट एकच होती, मालाला जबाबदार असा एक माणूस नेमा आणि त्याचं काम आधी ठरवून ठेवा.

म्हणून गिजलानने त्या जागेच्या कामाचा मसुदा केला आणि तो घेऊन ती मालकांच्या खोलीत गेली. मालक सी अब्देलगनी चहाबरोबर बदामाच्या सारणाची, चंद्रकोरीच्या आकाराची मिठाई खात होते. त्यांचा जावई तौफीक उत्पादन सांभाळायचा. कागद त्याने घेतला.

"'खराब माल दिसल्यास लाइन थांबवण्याचा अधिकार,'" त्याने मोठ्याने वाचलं. "लल्ला गिजलान, तू तपासनीस नेमतेयस की मला आणखी एक सासरा?"

सासरे खदाखदा हसले. "ते खोड, पोरी. 'सल्ला देईल' असं लिही."

"आणि जबाबदारी?"

"पूर्ण त्याची. एकट्याची."

"म्हणजे नको म्हणायचं नाही, आणि बिघडलं तर निस्तरायचं मात्र त्यानेच?"

"तुला जागेचं वर्णन लिहायला सांगितलंय, देशाची घटना नाही." मालकांनी बोटांवरची साखर चाटली. "आणि बायकोपोरांचा माणूस बघ. पोरं लहान असतील तर फारच छान. असा माणूस उलटून बोलत नाही."

"आसफीचा नको," तौफीक म्हणाला. "इथला असला की चुलते आणि मेहुणे फाटकाशी येऊन बोंबलतात. लर्बीच्या वेळी केवढा ताप झाला."

गिजलानचं लहानपण बंदरावर गेलं होतं. माशाच्या वासाने तिला कधी मळमळलं नव्हतं. पण गुलाबपाण्याचा शिडकावा केलेल्या त्या गार खोलीत तिला किळस आली. ईदच्या आधी बाजारात मेंढ्याचे दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, तसं हे दोघे एका न पाहिलेल्या माणसाला चाचपत होते. तिने कागद उचलला, बाहेर आली आणि सांगितलं तसं सगळं टाइप केलं. टाइप करणाऱ्या आपल्या बोटांचीही तिला शिसारी आली.

जाहिरात वाचून अगादीरहून नबीला नावाची एक बाई आली. हे काम तिने दोन कारखान्यांत केलेलं होतं. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "लाइन कोण थांबवतं?"

"इथे आपण सगळे एका घरचे," मालक म्हणाले.

"घरातसुद्धा गॅस कोण बंद करतं ते ठरलेलं असतं," असं म्हणून ती पर्स उचलून निघून गेली.

"जिभेला काही हाड?" तौफीक म्हणाला.

मग खुरीबगाहून अय्यूब आला. रसायनशास्त्राची पदवी, जुळ्या मुली, इस्त्री केलेला एकुलता एक शर्ट. मालकांनी मुलींची नावं विचारली, त्यांना दीर्घायुष्य चिंतलं आणि त्याला ठेवून घेतलं. कारखाना दाखवायला नेताना गिजलानला राहवलं नाही. सी लर्बीचं काय झालं ते तिने त्याला स्पष्ट सांगितलं आणि म्हणाली, "अजून सही केली नाहीस. विचार कर."

"जाहिरात वाचली तेव्हाच कळलं, लल्ला," तो म्हणाला. "मासा ताजा आहे की नाही ते बघायला लहान पोरं कशाला लागतात? पण मी तीन वर्षं सासऱ्याच्या घरी जेवतोय. तिथे एकेका घासाबरोबर जे ऐकून घेतो ना, त्यापुढे हे काहीच नाही."

तिला त्याची दया आली. पण ती फार दिवस टिकली नाही. अय्यूब चटकन शिकला. तौफीक आला की पुढे धावून दार उघडायचं, मालकांच्या विनोदाला तो संपायच्या आत हसायचं, आणि तपासणीच्या वेळी मासळीच्या ट्रककडे पाठ करून उभं राहायचं.

मग वाळवंटाकडून गरम वारा सुटला. त्या दिवसांत दक्षिणेकडून निघालेला एक ट्रक वाटेत बंद पडला आणि दुपारी कधीतरी कारखान्यात पोचला. बर्फाचं पाणी झालं होतं. मागच्या फळीखालून तपकिरी रस ठिबकत होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. अय्यूबने एकाही पेटीचं झाकण उचललं नाही. सही केली आणि माल आत सोडला.

"बघितलास का माल?" गिजलानने विचारलं.

"बघितला. सल्लापण दिला."

"कुणाला?"

"तौफीकसाहेबांना. मनातल्या मनात." आणि तो हसला. मोठा विनोद केल्यासारखा, तिनेही हसावं अशी वाट बघत.

ती सरळ आत गेली. मासे साफ करणाऱ्या बायकांतली हलीमा तिला बघून म्हणाली, "लल्ला, हे बघ. सुरी लावायचीसुद्धा गरज नाही." तिने मासा नुसता दाबला. पोट फुटून मऊ, करडा लगदा तिच्या बोटांमधून खाली ओघळला.  गिजलानने भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. तौफीक धावत आला.

"कुणाच्या अधिकाराने बंद केलंस?"

"कुणाच्याच नाही. तो अधिकार तुम्ही खोडलात."

तो बटणाकडे वळला, पण बायका सुऱ्या ठेवून मागे सरल्या होत्या. दोघींनी फोन काढून पेट्यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली होती. मालक खाली आले, त्यांनी ते फोन पाहिले, आणि माल परत ट्रकमध्ये भरून खताच्या कारखान्याकडे पाठवून द्यायला सांगितला. मग गिजलानला वर बोलावलं.

"बस, पोरी. चहा घे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता पाक होता. "तुझ्याही जागेचं वर्णन नीट व्हायला हवं. उद्या तूच लिहून आण. खाली पाऊल टाकायचं नाही, एवढं त्यात येऊ दे."

समोरच्या पेल्यात पुदिन्याची पानं तरंगत होती. तिने पेल्याला हात लावला नाही.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "दुसरी बघा."

आपल्या टेबलावरची पिशवी घेऊन ती बाहेर पडली. फाटकाशी अय्यूब उभा होता. बराच वेळ तिची वाट बघत असावा. इकडेतिकडे बघून तो हळूच जवळ आला.

"लल्ला, वर माझं नाव नाही ना घेतलंस?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने छातीवर हात ठेवून देवाचे आभार मानले, तिला आशीर्वाद दिला आणि लगबगीने आत निघून गेला. गिजलानने रस्ता ओलांडला. समुद्राकडच्या कठड्याला धरून ती वाकली आणि सकाळपासून पोटात गेलेलं सगळं ओकून टाकलं.