७४१ आणि केशरबाईचे कान

मी ७४१ बोलतोय. नाव नव्हे, नंबर आहे माझा. हरभऱ्याएवढं काळं अंग आणि आठ पाय. विजेचा बारीकसा इशारा मिळाला की तो शेकडो पटींनी मोठा करून पुढं धाडायचा, हे माझं काम. पुस्तकात मला ऑपरेशनल अँप्लिफायर म्हणतात. बदनापुरात मात्र माझं नाव गोचीड पडलं.

१९७६ साली माझ्यासारख्याच आणखी दोन चिपांसोबत मी मुंबईच्या बाजारातून वसंताच्या हाती आलो. बदनापूर स्टेशनाजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. काम करताना तो स्वतःशीच बोलायचा.

तेव्हा त्याची बहीण बेबीनंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. गावची सुईण केशरबाई. चाळीस वर्षं पोटाला कान लावून तिनं बाळांचे ठोके ऐकले. आता तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं.

"पोट लई मोठं दिसून राह्यलं, पण आतलं मला ऐकूच येईना," ती म्हणाली. "दुसरी सुईण पाहा बाई."

बेबीनंदानं तिचा हात सोडला नाही. "मावशी, माझा जन्म तुमच्याच हातचा. मला तुम्हीच पाहिजेत."

मग वसंतानं मनावर घेतलं. छोट्या कर्ण्यात माईक, डब्यात सर्किट, कानाला हेडफोन. पण उघड्या तारेला तार लागली आणि सर्किटातला ७०९, म्हणजे माझा जुन्या पिढीतला भाऊबंद, जळाला. तसाच दुसरा कुठं मिळेना, म्हणून त्याच्या जागी लावून बघायला आम्हा तिघांना आणलं होतं.

परीक्षा मजेची होती. वसंतानं गजराचं घड्याळ गोधडीत गुंडाळलं आणि वर कर्णा ठेवला. पहिला गडी नुसता शिट्टी मारू लागला. दुसऱ्याच्या खरखरीत टिकटिक बुडून गेली. माझी पाळी आली तेव्हा वसंता पुस्तक चाळत कुरकुरला, "हा तर मंद हाये." मला फार वाईट वाटलं. पण जरा वेळानं तोच हसला. "बाळाचा ठोका खर्जातला. त्याला कशाला पाहिजे घाई?"

जुन्याला काबूत ठेवायला लावलेले दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टर त्यानं काढून टाकले. मला त्यांची गरज नव्हती. मग बाहेर जाणाऱ्या तारेला मुद्दाम तार लावून पाहिली. मी जळालो नाही. गोधडीची आणखी एक घडी वाढवली, तरी टिकटिक ऐकू आली.

सकाळी केशरबाईनं उघड्या डब्यात डोकावून पाहिलं. "हे गोचीड ऐकन व्हय रे?"

"ऐकायचं तुम्हीच, मावशी. हे फक्त मोठं करून देतं."

तिनं हेडफोन लावला आणि कर्णा बेबीनंदाच्या पोटावर टेकवला. ओठ हलत होते. ती ठोके मोजत होती. मग तिनं कर्णा दुसऱ्या बाजूला सरकवला. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा पहिल्या जागी, पुन्हा दुसऱ्या. वसंता घाबरला. मलाही वाटलं, माझंच काही तरी बिघडलं.

"हितं एक चाल हाये," ती सावकाश म्हणाली, "अन् हितं दुसरी. बेबे, दोन हायेत."

बेबीनंदा हसायला लागली आणि हसता हसता रडली.

"मंग आता घरी न्हाई," केशरबाई म्हणाली. "दुखायला लागायच्या आत जालन्याच्या दवाखान्यात चला. मी संग येते."

पाचव्या दिवशी आधी मुलगी झाली. मुलगा पायाळू होता, पण डॉक्टर तयारच होते. वसंतानं स्टेशनावर उतरल्या उतरल्या दिसेल त्याला पेढा दिला. केशरबाईला दोन दिले.

तीन वर्षं झाली. केशरबाईनं अजून काम सोडलेलं नाही. माझ्या डब्याला तिनं खणाची पिशवी शिवली आहे. तुमच्याकडं माझा एखादा भाऊबंद असेल, तर पुस्तकात मंद लिहिलंय म्हणून त्याला बाजूला टाकू नका. एकदा लावून पाहा. आणि काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, त्यांना पाणी सुटतं.

बरं, निघतो. दारात बैलगाडी थांबलीय आणि मावशी पिशवी शोधतायत.