पान लागलं

तुरीच्या रानात एक विळा पडून आहे. संतपूरच्या दवाखान्यात फळ्यावर उद्याच्या लसीकरणाची गावं लिहिलेली आहेत. तिथल्या खाटेवर शिवलीलाच्या पापण्या मिटत चालल्या आहेत.

"काय झालं?" डॉक्टर विभा विचारते. ती कलबुर्गी शहरात वाढलेली. इथे येऊन महिनाही झालेला नाही.

"पान लागलंय सुनेला," सासू शरणम्मा सांगते.

"तंबाखूचं?"

"कशाची तंबाखू? पान म्हणलं की, अक्का."

"मळमळतंय का?" विभा शिवलीलाला विचारते. शिवलीला बोलायला जाते, पण जीभ वळत नाही. हनुवटी छातीवर कलते. तंबाखूने मान अशी पडत नाही.

"मावशी, नीट सांगा. काय खाल्लं हिने?"

"खाल्लं काईच न्हाई. लागलंय. त्याचं नाव घेतलं की ते परत येतंय. कामून बोलायला लावायलात?" शरणम्मा कुजबुजते आणि सुनेच्या पायावरचं फडकं सोडते. घोट्यापाशी दातांच्या दोन खुणा आहेत.

साप. पान लागणं म्हणजे साप चावणं. विषावरचं औषध सलाईनमधून सुरू होतं, पण श्वास आधीच उथळ झालाय आणि व्हेंटिलेटर बीदरला आहे. ॲम्ब्युलन्समध्ये विभा शिवलीलाच्या तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा दाबत राहते. तिचा हात थांबला, तर शिवलीलाचा श्वास थांबेल.

"जगती का हो?" शरणम्मा विचारते.

छाती वर येतेय का, एवढंच विभा बघते.

शिवलीलाने आयुष्यात कधी पान खाल्लेलं नाही, हे तिनेच विभाला पुढच्या उन्हाळ्यात सांगितलं.