गजाच्या फोनसाठी जागा

मंगळवारी दुपारी दीड वाजता कपिलच्या खात्यावर मेल येणे थांबले. खाते भरले होते.

कपिलचे चौक गावात मोबाइलचे दुकान. ज्या गिऱ्हाइकाचे स्वतःचे खाते नसे, त्याचा नवा फोन तो आपल्याच खात्यावर चालू करून देई. दोन मिनिटांत काम होई आणि गिऱ्हाईक खूश. पण तेव्हापासून कुणाची शेळी, कुणाचा साखरपुडा, कुणाचा धरणावरचा सेल्फी, सगळे गुपचूप त्याच्या खात्यात येऊन साठत होते.

त्याने कुणाकुणाच्या लग्नांचे व्हिडिओ पुसले. कचरापेटी रिकामी केली. जागा होताच अडकून पडलेले फोटो धडाधड येऊ लागले. त्यातल्या एका फोटोवर त्याचा हात थांबला.

फोटोवर डावीकडून तिरकी चीर होती. कॅमेऱ्याची काच तडकलेला असा एकच फोन त्याच्या माहितीत होता. काच बदलून घे म्हटले, तर गजा हसून म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे रं, इजंवानी दिसतंय."

गजा हा कपिलच्या मावशीचा मुलगा. गेल्या वर्षी ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला रुळांजवळ त्याचा देह सापडला. चेहरा उरला नव्हता. त्याच्या वडिलांनी, धर्माजींनी, शर्टावरून ओळख पटवली. जलदान विधी झाला. फोन मात्र कुणालाच मिळाला नाही.

फोटोत मावशीचे पळसदरीचे घर होते, रस्त्यापलीकडून टिपलेले. पडवीवर निळा पत्रा होता. तो पत्रा कपिलने स्वतः उभे राहून बसवून घेतला होता, गजा गेल्यावर. आणि फोटोखाली तारीख आजची होती.

त्याने गजाचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे बाई सांगू लागली. कुणी चोराने फोन ढापला असेल, विकला असेल, असे त्याने स्वतःला दोनदा समजावले. मग तो समोरच्या ढाब्यावर गेला आणि भाकऱ्या थापणाऱ्या मावशीला, पुतळाबाईंना, पीठभरल्या हातांनीच घेऊन आला.

मावशीने फोटो पाहिला. रडली नाही.

"अजून येतील?"

"जागा असेल तर येतील. पण बाकीच्यांचेपण येतात ना मावशी. मी पुसतो, तेवढ्यात लोक भरून टाकतात."

"मग लोकांना हाकल की रं!"

"यातला गजाचा फोन कोणता ते कळत नाही. एकाच कंपनीचे पन्नास आहेत. चुकून त्यालाच हाकललं तर?"

"मग पुस. गप काय बसलास!"

तो पुसत गेला. बारशी गेली, वाढदिवस गेले, स्वतःच्या मुलीचे पहिले पाऊलही गेले. दुसरा फोटो आला. त्यात घराचे बंद दार होते, अगदी जवळून. उंबऱ्याबाहेर धर्माजींच्या चपला. मग खाते पुन्हा भरले.

मोठे असे एकच काही उरले होते. कपिलच्या हळदीचा व्हिडिओ. त्यात गजा डोक्यावर पाट घेऊन नाचत होता आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून ओरडत होता, "आये, बघ गं!" गजाचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. कपिलने तो आधी कॉम्प्युटरवर उतरवायला लावला. पाऊण तास लागेल, असे दिसले.

"पाऊण तास तो दारात थांबंल व्हय?" मावशी म्हणाली.

"मावशी, एकदा पुसला की गेला. परत नाही मिळायचा."

"ह्या व्हिडिओतला मला ठावा हाय. तो दारातला कोण हाय, त्ये बघू दे."

"आणि दुसराच कुणी असला तर?"

तिने पदराने हात पुसले आणि त्याच्या मनगटाला धरले. कपिलने व्हिडिओ पुसला.

तिसरा फोटो लगेच आला. आत अंधूक उजेड होता. खाटेवर धर्माजी झोपले होते, डोळ्यांवर आडवा हात घेऊन. फोटो पायथ्याशी उभे राहून काढला होता. चीर त्यांच्या छातीवरून गेली होती.

कपिलने धर्माजीकाकांना फोन लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला.

"काका, घरात कोण आहे?"

"कोन असनार? झोपलोय मी." आवाज जड होता. "काय झालं रं?"

"दार उघडं आहे का?"

"नाय. हितनं दिसतीय की कडी. लावल्याली हाय."

कपिल पुढे काही बोलणार, तोच मावशीने फोन ओढून घेतला.

"अहो, उठू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तसंच पडून ऱ्हावा. बुजंल तो."

पलीकडून काकांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी शेळीचा फोटो आला, मग एका केकचा. खाते भरले. पुसण्याजोगे मोठे काही उरले नव्हते; कपिल एक फोटो पुसे, तोवर गिऱ्हाइकांचे दोन येत. चार वाजेपर्यंत चौथा फोटो आला नव्हता, आणि फोन दोन्हीकडून चालूच होता.