वास आला का गं?

शेंगावाली आजी कढईवर इतकी वाकली, की समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून ओरडला,

"मावशी, शेंगा भाजा, नाक नको!"

"भाजलं तर तुलाच देईन, मीठ लावून," आजी म्हणाली आणि सरळ झाली.

डोळ्यांत धूर गेला होता, गाल शेकून निघाले होते, पण नाकात काही म्हणजे काही नव्हतं. वाळू तापली होती. भुईमुगाच्या शेंगा तिच्यात बुड्या मारून वर येत होत्या, झारा खर्र खर्र फिरत होता. आणि वास? कुणीतरी दुसऱ्या गावात शेंगा भाजत असावं तसं. दुसऱ्याही नाही, त्याच्या पलीकडच्या.

महिन्यापूर्वी तिला ताप आला होता. चार दिवसांत गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार. आजीने ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाही. सून तर टपूनच होती. "आई, आता बास करा ती गाडी," हे ती रोज सकाळी चहाबरोबर बिस्किटासारखं पुढे करायची. आणि वास न येणारी शेंगावाली म्हणजे सुई न दिसणारा शिंपीच की!

तीन आठवडे तिने कसंबसं रेटलं. कधी टरफलाचा रंग बघून, कधी शेंग कानाशी हलवून. काल मात्र शहाणपणा केला आणि शिंप्याच्या भिंतीवरचं घड्याळ बघून भाजलं. पहिला घाणा बारा मिनिटांत झकास उतरला. म्हणून दुसऱ्यालाही बारा मिनिटं दिली. वाळू आधीच तापलेली असते, दुसऱ्या घाण्याला वेळ कमी लागतो, हे पस्तीस वर्षं कढईशी काढलेल्या बाईच्या ध्यानात राहू नये! शाळा सुटली, पोरांनी पुड्या घेतल्या, टरफलं फोडली आणि गल्लीभर थूथू झाली. आत सगळा कोळसा.

आजीने थाप मारायचा प्रयत्न केला. "अरे, ह्या काळ्या शेंगा राजाच्या असतात! खाल्ल्या की अंधारात दिसतं!" एरवी अशा थापेवर पोरं तुटून पडायची. काल कुणी हसलं नाही. एका मोठ्या वर्गातल्या मुलीने पुडी हळूच गाडीवर ठेवली आणि विचारलं, "आजी, तुला बरं नाहीये का?"

थुंकलेलं परवडलं, हे नाही परवडलं. गाडी ढकलत घरी जाताना आजीने ठरवलं, उद्या एकदाच. उद्याही जळल्या, तर सुनेने म्हणायच्या आत आपणच गाडी भंगारवाल्याला द्यायची.

घरी कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात म्हाताऱ्याचा तपकिरी मफलर. म्हाताऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. जन्मभर कढईशी बसून त्या मफलरात भाजल्या शेंगांचा वास असा मुरला होता, की कुठल्या साबणाच्या बापालाही तो हलवता आला नव्हता. आजी रोज संध्याकाळी झाकण बोटभर उघडायची, एक श्वास घ्यायची आणि लगेच लावून टाकायची. वास पुरवून वापरायला हवा ना! गेला महिनाभर ती झाकण सताड उघडून अख्खं तोंड आत घालत होती. लोकरीने नाकाला गुदगुल्या व्हायच्या, बस. म्हातारा एकदा गेलाच होता. आता दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी भेटायलाही कुणी आलं नव्हतं.

"आजी, मी बसू?"

ही फटाकडी. खालच्या वर्गातली, पुढचे दोन दात पडलेली. तिचा वर्ग अर्धा तास आधी सुटायचा आणि ताई सुटेपर्यंत तिचा मुक्काम आजीच्या गाडीशी, म्हाताऱ्याच्या स्टुलावर.

"बस. पण गप्प बस. आज परीक्षा आहे."

"कुणाची?"

"माझी," आजी म्हणून गेली, मग सावरली. "म्हणजे तुझी. नाकाची परीक्षा. माझ्या आजेसासूचं नाक इतकं तिखट होतं, की शेंग शेतात असतानाच ती सांगायची, हिच्यात दाणे दोन की तीन."

"थाप!"

"थाप कशी? एकदा तर तिने एवढी मोठी शेंग भाजली, की टरफलात बसून अख्खं वऱ्हाड नदीपार गेलं. दाण्याचं काय केलं विचारू नकोस. अजून संपला नाही."

फटाकडी फिदीफिदी हसली. आजीचा हात मात्र थांबला नव्हता. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. तिने कढईकडे पाहिलं, मग त्या चिमुकल्या, शेंबूड नुकताच पुसलेल्या नाकाकडे.

"हं. शेंगा भाजल्याचा वास आला, की सांगायचं."

"आला!"

"एवढ्यात? खोटं बोललं की नाकाची शेंग होते."

फटाकडीने घाईघाईने नाक चाचपलं. मग डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि हुंगत बसली. त्या स्टुलावर एवढं इमानाने हुंगताना आजीने आजवर कुणाला पाहिलं नव्हतं.

म्हातारा तर त्या स्टुलावर नुसता झारा फिरवत बसायचा. बोलणं, पुड्या बांधणं, थापा मारणं ही सगळी खाती आजीकडे. तो दिवसभरात एकच वाक्य बोलायचा. प्रत्येक घाण्याला, हनुवटी वर करून, "वास आला का गं?" नव्या नवरीला त्याचं कौतुक वाटलं होतं. आपलं मत विचारतोय! मग वर्षं गेली आणि कौतुकाची कटकट झाली. गिऱ्हाइकांसमोर ती फाडकन म्हणायची, "का? तुम्हाला नाक नाही का?"

तो हसायचा. "तुझं आहे की."

गिऱ्हाइकं खिदळायची, आजी त्याला टरफल फेकून मारायची. होतंच तसं ध्यान. शेजारी दूध करपून भांडं काळं झालं तरी हा पेपर वाचत बसलेला. एकदा तिने हौसेने गुलाबाचा साबण आणला, न्हाऊन तीनदा त्याच्या समोरून गेली. ढिम्म! दोन दिवस ती बोलली नव्हती त्याच्याशी. तो बिचारा घरभर विचारत फिरला, माझं चुकलं काय?

"आजी, येतोय थोडा थोडा."

"कसला?"

"आधी ओल्या मातीसारखा होता. आता चांगला."

"चांगला म्हणजे पुरता आला का? नीट सांग. वास आला का गं?"

फटाकडीने डोळे उघडले. पडलेल्या दातांच्या फटीतून तिने सरळ विचारलं,

"का? तुला नाक नाही का?"

"तुझं आहे की," आजी म्हणाली.

आणि झारा थांबला.

पलीकडे शिंप्याचं मशीन चालू होतं. एक सायकल घंटी वाजवत गेली. आजी कढईकडे बघत होती, पण तिला कढई दिसत होती असं काही म्हणता आलं नसतं.

"आजी! आला, आला! पुरता आला! जळतील ना गं!"

आजीने भानावर येऊन कढई खाली ओढली, शेंगा चाळणीत उपसल्या, वाळू खाली झरली. फटाकडीने एक शेंग फुंकून फुंकून फोडली, दाणा तोंडात टाकला. आजी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरकडेसुद्धा तिने इतक्या काळजीने पाहिलं नव्हतं.

"गोड आहे," फटाकडी म्हणाली. मग पुन्हा मुद्द्यावर आली. "खरंच तुला नाक नाही?"

एरवी आजीच्या जिभेवर दहा थापा तयार असायच्या. आज एकही सापडेना.

"आमच्या घरात माणसं दोन होती," ती म्हणाली. "आणि नाक एकच."

"थाप!"

"हो गं, थापच."

शाळेची घंटा झाली. पोरांचा लोंढा आला, हात पुढे झाले, पुड्या गेल्या. टरफलं फुटल्याचा कडकडाट उठला आणि मग तोंडं भरल्याची शांतता पसरली. कालची ती मोठी मुलगी दुसरी पुडी घ्यायला परत आली. शिंपी दारातूनच म्हणाला, "मावशी, वास इथपर्यंत आलाय हो! मला ठेवा थोड्या."

"कसा आलाय?" आजीने विचारलं.

"कसा म्हणजे? नेहमीसारखा!"

फटाकडी ताईचा हात धरून निघाली. वळणावरून ओरडली, "उद्या पण परीक्षा?"

"उद्या पण!"

गल्ली रिकामी झाली. आजीने गाडीवरची टरफलं फडक्याने लोटली, स्टूल पुसलं. रोज ते उचलून गाडीला अडकवायची, आज अडकवलं नाही. त्याच्या शेजारी हळूच टेकली.

"गुलाबाचा होता हो," ती स्टुलाकडे न बघता म्हणाली. "तो साबण."